दुसरी खुर्ची

स्वयंपाकघराच्या फरशीवर एक माणूस उताणा पडला होता. एक हात टेबलाखाली, एक पाय दाराकडे, आणि डोक्याशी फुटलेला कप.

ती दारातच थबकली. बाहेर थंडीतल्या पावसाची बारीक भुरभुर चालू होती, आणि जरा आडोसा मिळावा म्हणून ती त्या उघड्या दारातून आत आली होती. पण पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेण्यात वर्षं घालवलेली बाई ती. किंचाळली नाही. छत्री टाकली, गुडघे टेकले आणि दोन बोटं त्या माणसाच्या मानेवर ठेवली.

मान गरम होती. नाडी चांगली चालू होती... आणि बोटं टेकल्यावर तर जास्तच जोरात चालू लागली.

माणसानं एक डोळा उघडला.

"किती गार बोटं आहेत हो तुमची," तो म्हणाला. "अशानं मेलेला माणूससुद्धा उठून बसायचा."

आता मात्र ती किंचाळली.

तो धडपडत उठला. "घाबरू नका, घाबरू नका! मी मेलेलो नाही. म्हणजे, रोज मी नसतो, रोज तात्या असतात. पण तात्यांचा खांदा निखळलाय."

त्यानं बोट दाखवलं तिकडे तिनं पाहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत माणसाएवढा एक कापडी पुतळा बसला होता. त्याचा डावा हात दोऱ्यावर लोंबत होता आणि चेहऱ्यावर पुष्कळ मरणं पाहिलेल्या माणसाचा भाव होता.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. हेच ते 'सरावाचं घर'. कॉलेजच्या मागच्या बाजूला, झाडांच्या आड, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर असलेलं. गुन्हे आणि न्याय या विषयात एम.ए. करणाऱ्यांना इथे तपास शिकवायचे. सर एक गोष्ट रचायचे, कोण आलं, काय झालं, कोण खोटं बोलतंय. आणि हा माणूस ती गोष्ट घरात मांडायचा. फुटलेला कप, सांडलेली साखर, अर्धवट ओढलेला पडदा. त्याला सगळे मांडणीवाले म्हणायचे.

"आणि तुम्ही दार उघडं टाकून मरता?" तिनं छत्री उचलत विचारलं.

"इकडे येतं कोण?" तो हसत म्हणाला.

हसत म्हणाला खरा. पण ती खोलीवर परत गेली, तरी ते वाक्य काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. छत्री मात्र तिथेच विसरली.

खोली शिंप्याच्या दुकानावर होती. एक खिडकी, एक खाट, एक कप. खाली दिवसभर मशिनची घरघर असायची, आणि मशिन थांबलं की इतकं शांत व्हायचं की नळाचा थेंबसुद्धा पाहुण्यासारखा वाटायचा.

ठाण्यात ती पुढच्या टेबलावर बसायची. लोक यायचे, रडायचे, सांगायचे. ती लिहायची. लोक निघून जायचे. पुढे त्यांचं काय झालं, ते तिला कधी कळायचं नाही. गोष्टीचं पहिलं पान तेवढं तिच्या वाट्याला. ही पदवी मिळाली तर तिला तपासाच्या शाखेत घेणार होते, म्हणून बिनपगारी रजा काढून ती इथे आली होती. दादानं फोनवर म्हटलं होतं, "या वयात पाटी-पेन्सिल? बरं, हौस आहे तर कर. पण रजा संपली की परत ये, साहेब पुन्हा रजा देणार नाहीत." वहिनीनं मागून ओरडून सांगितलं होतं, "आणि तिथे कोणी बरा भेटला तर बघ जरा!"

बरा कोण भेटणार? वर्गातली पोरं तिच्याहून कितीतरी लहान. ती तिला ताई म्हणायची. ताईकडून टिपणं न्यायची, ताईला शंका विचारायची आणि सिनेमाला ताईला सोडून जायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. थोरल्या बहिणीला कोण सिनेमाला नेतं?

सरावाच्या घरातला पहिला तास आला. सरांची रीत ठरलेली होती. खून, चोरी, काहीही असो, त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा.

"मेला कोण ते मागाहून. आधी सांगा, इथे राहतं कोण?"

त्या दिवशी मांडणी नवरा-बायकोच्या घराची होती. टेबलावर दोन ताटल्या, दोन पेले. पोरांनी पटापट सांगितलं की इथे जोडपं राहतं, जेवता जेवता भांडण झालं, तात्या पडले.

"ताई, तुम्ही?" सरांनी विचारलं.

ती टेबलाजवळ उभी होती. "सर, गोष्टीत जोडपं आहे, ते कळतंय. पण ही दुसरी खुर्ची बघा. टेबल भिंतीला इतकं टेकलंय की या खुर्चीत बसणाऱ्याचे गुडघे मावणारच नाहीत. इथे कधी कोणी बसलेलंच नाही. हे टेबल ज्यानं मांडलंय, तो वर्षानुवर्षं एकटा जेवतोय."

पोरं खो खो हसली. "मांडणीवाले काका, पकडले गेलात!"

तो दारापाशी उभा होता. त्याचे कान लाल झाले. त्यानं खांद्यावरचं फडकं उगाच दुसऱ्या खांद्यावर टाकलं आणि बाहेर गेला.

ठाण्यात तिनं कित्येकांची दुःखं लिहून घेतली होती, पण अशी चारचौघांत कुणाची मोठ्यानं वाचून दाखवली नव्हती.

तास संपल्यावर ती मागे थांबली. तो सगळं पुसत होता. ही त्याची रीत. तास झाला की घर धुऊन-पुसून कोरं करायचं, एक डागसुद्धा उरू द्यायचा नाही, म्हणजे पुढची गोष्ट नव्यानं मांडता येते.

"मला माफ करा," ती म्हणाली. "परीक्षा तात्यांची होती. तुमची नव्हती."

"नाही हो," तो फडकं पिळत म्हणाला. "इतकी वर्षं पोरं येतात आणि तात्यांकडे बघतात. मांडणाऱ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. जरा... सवय नव्हती." मग मान वर करून म्हणाला, "पण चूक दाखवलीत तर आता शिकवा. दोघांचं टेबल मांडायचं कसं?"

तिच्या खोलीत कप एकच होता.

"मलाही येत नाही," ती म्हणाली.

दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

त्यांनी टेबल भिंतीपासून ओढलं. ती दुसऱ्या खुर्चीत बसली. गुडघे मावले. "चहाचे डाग खरे लागतात," तो म्हणाला, "नुसतं पाणी ओतून भागत नाही." म्हणून चहा केला. चहा झाला म्हणून तो प्यावा लागला. मग हे नेहमीचंच झालं.

दुपारी तास नसला की ती यायची. सोफ्यावर माणूस बसून उठल्याचा खळगा हवा असायचा, म्हणून तिथे बसून पुस्तक वाचायची. बायकोची शिवणाची टोपली खरी वाटायला हवी, म्हणून त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची. भांडणाची मांडणी करायची असली, की भांडायचीसुद्धा.

"तुम्हाला घरात काही सांगायची सोयच नाही!" ती ओरडायची आणि खुर्ची मागे ढकलून उठायची.

तो खडूनं खुर्चीच्या पायांभोवती खुणा करायचा. "खूण छान पडली. जरा आणखी रागानं उठा. तात्यासुद्धा हसताहेत बघा."

"राग येईल असं काहीतरी बोला मग."

"बोललो असतो... पण तुमच्याशी भांडायला सुचत नाही."

ती वळून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला लागायची. कुंडीत आधीच भरपूर पाणी असायचं.

"पोरं तुम्हाला काका म्हणतात," एकदा ती म्हणाली, "आणि मला ताई. म्हणजे या हिशोबानं तुम्ही माझे काका लागता."

"अहो, नको!" तो इतक्या घाईनं म्हणाला की हातातली बशी सुटली. ती फुटली नाही. पण त्याच्या कानांचा रंग बघून तिनं विषय बदलला... आणि खोलीवर जाताना वाटभर एकटीच हसली.

तो कधी कुणाविषयी फारसं बोलला नाही. एकदा एवढंच म्हणाला, की आई होती तोवर घरी जाऊन जेवायचो, आता इथेच खातो. आणि एकदा म्हणाला, "मी सबंध जन्म दुसऱ्यांची घरं मांडतोय. मांडायची, आणि पुसायची." तिनं आपला कप त्याच्या कपाजवळ सरकवला. पण संध्याकाळी तो कपही पुसला गेला, चहाचा गोल डागही. त्याची रीतच होती ती. दुसऱ्या दिवशी आलं, की आपण काल इथे होतो याचा पुरावा तिला कुठे सापडायचा नाही. छत्री तेवढी कोपऱ्यात उभी असायची. ती न्यायची ती रोज विसरायची, आणि तो द्यायची विसरायचा.

मग परीक्षा जवळ आली. परीक्षेआधीचे काही आठवडे विद्यार्थ्यांनी त्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि मांडणीवाल्यांशी एक शब्द बोलायचा नाही, असा कॉलेजचा नियम होता. तो वर्गात वाचून दाखवला गेला. पोरांनी जांभया दिल्या. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तिनं नियम पाळला. झाडांच्या पलीकडच्या वाटेनं जाताना स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. तो कधी कुंडीपाशी उभा असायचा. तिला बघून हात उचलायचा आणि अर्ध्यावर आठवण होऊन त्याच हातानं डोकं खाजवायचा. तिनं बाजारातून आणखी एक कप आणला. तो फळीवर पहिल्या कपाशेजारी ठेवला. काही दिवसांनी त्याच्यावर बारीक धूळ बसली, ती तिनं पुसली नाही. पुसायची ती कुणासाठी?

परीक्षा झाली, की पदवी. पदवी मिळाली, की तपासाची शाखा, परत आपल्या गावी. हेच तर तिला हवं होतं. मग रात्रीचा घास घशाखाली का उतरत नव्हता?

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक निवृत्त न्यायाधीशबाई आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, आणि हातात पेन्सिल. त्या पुढच्या खोलीत सरांशेजारी बसल्या. एकेकानं स्वयंपाकघरात जायचं, बघायचं, बाहेर येऊन सांगायचं.

सगळ्यांना सांगितलेली हकिगत अशी होती. तात्या फरशीवर मेलेले. टेबलावर चहाचे दोन कप. बायको म्हणते, मी बहिणीकडे होते, घरात नव्हते. तर मग तात्यांबरोबर चहा प्यायलं कोण?

तिचा नंबर शेवटचा होता. बाहेरच्या बाकावर बसून तिला पोरांचे आवाज ऐकू येत होते. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली, बायको खोटं बोलते. दुसरा म्हणाला, बायकोच. तिसराही तेच. सरांचा आवाज दर वेळी आणखी पडत गेला.

ती आत गेली. दोन कप होते. एकाचा कान उजवीकडे, तो तात्यांचा. दुसऱ्याचा कान डावीकडे. म्हणजे पिणारा डावखुरा. तिनं बायकोच्या वस्तू पाहिल्या. शिवणाची टोपली खुर्चीच्या डाव्या हाताला. कात्री डावीकडे. केसांचा कंगवा आरशाच्या डाव्या बाजूला. बायको डावखुरी होती, म्हणजे कप तिचाच, म्हणजे ती घरातच होती. पोरांनी अगदी बरोबर वाचलं होतं.

मग सर का कोसळत होते?

तिनं पुन्हा टोपलीकडे पाहिलं. ती टोपली तिथे ती स्वतः ठेवायची. कात्री अशीच, पात्याची टोकं भिंतीकडे करून. कपाचा कान डावीकडे, तिच्या कपासारखाच. कारण लहानपणी मास्तरांनी हातावर कितीही छड्या मारल्या, तरी तिचा डावा हात डावाच राहिला होता.

एका क्षणात सगळं कळलं. सरांच्या गोष्टीत बायको उजव्या हाताची होती. डावीकडे कान असलेला कप बाहेरच्या माणसाचा होता, तीच एक खूण. पण मांडणीवाल्यांनी घरात बाई मांडायला घेतली, आणि हात आपोआप डावीकडे गेले. त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नसेल. बाहेरच्या माणसाची खूण बायकोच्या खुणांत बुडून गेली.

'बाहेरचा माणूस' असं म्हटलं तर ती एकटी पहिली येणार, तेही मांडणीवाल्यांना ओळखते म्हणून. 'बायको' म्हटलं तर सगळ्यांबरोबर बुडणार आणि कुणाला काही कळणार नाही. आणि खरं सांगितलं तर... तिची पदवी, त्याची नोकरी.

ठाण्याच्या टेबलावर लोक अर्धं सांगायचे आणि अर्धं गिळायचे. गिळलेलं नेहमी त्यांच्या गळ्याशी दिसायचं. आता ते तिला स्वतःच्या गळ्याशी जाणवलं.

ती बाहेर आली.

"बोल मुली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "काय दिसलं?"

"बाई, घर सांगतंय की बायकोच होती. माझ्या वर्गातल्यांनी बरोबर वाचलंय, त्यांना नापास करू नका. पण घरच चुकीचं मांडलंय. बायको उजव्या हाताची हवी होती. ती डावखुरी झालीय."

सर ताडकन उभे राहिले. "ही गोष्ट हिला कशी कळली?"

"कशावरून म्हणतेस?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"कारण... ती बायको मी आहे."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तशी नाही!" तिचे कान तापले. "म्हणजे बायको नाही. हातानं! मी डावखुरी आहे. परीक्षेचा नियम लागला त्याच्याआधी मी रोज इथे यायचे, चहा प्यायचे, त्या टोपलीतली कात्री मीच तशी ठेवायचे. नियम लागल्यावर आले नाही, बोललेही नाही. पण हे घर मला ओळखीचं आहे, हे खरं."

"मांडणीवाल्यांना बोलवा," बाई म्हणाल्या.

तो आला. बाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. "ती कात्री डावीकडे का ठेवलीत?"

"बाईमाणूस तिथेच ठेवतं ना," तो म्हणाला.

"मी नाही ठेवत. कुठलं बाईमाणूस?"

तो आत बघत राहिला. टोपली, कात्री, कंगवा, कप. एकेक बघत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला... आणि मग, उतरता उतरता, वेगळाच झाला. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. सर तिथे होते, बाई होत्या, बाहेरच्या दारातून माना आत घालून पोरं उभी होती, पण तो तिच्याशीच बोलल्यासारखा बोलला.

"चूक माझी आहे. पण खरं सांगू? घरात बाई मांडायची म्हटली... तर मला दुसरी कोणी सुचलीच नाही."

दारातल्या एका पोरीनं तोंडावर हात दाबला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं बोललात दोघंही. पण खरं बोललं म्हणून घडलेलं पुसलं जात नाही." वर्गाला त्यांनी पास केलं. मांडणीवाल्यांना प्राचार्यांचे चार शब्द ऐकावे लागतील, म्हणाल्या. तिची परीक्षा मात्र रद्द झाली. पुढच्या सत्रात पुन्हा द्यायची, आणि ती या घरात नाही, दुसऱ्या कॉलेजच्या घरात.

पुढच्या सत्रात! आणि रजा तर संपलेली. तिनं मान हलवली, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडली. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. वर्गातली पोरं मागून धावत आली. "ताई, सिनेमाला येता?" त्या हुशार मुलीनं विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले. पण ती नको म्हणाली. सामान बांधायचं होतं. परत त्याच टेबलावर, त्याच पहिल्या पानावर बसायचं होतं.

दोन्ही कप तिनं कपड्यांत गुंडाळले. मग ध्यानात आलं, छत्री राहिली.

ऊन कलत होतं. घराचं दार उघडंच होतं. तो नेहमीसारखा फडकं घेऊन स्वयंपाकघरात उभा होता, पण पुसत नव्हता. नुसता उभा होता. तात्यांना त्यानं उठवून खुर्चीत बसवलं होतं.

"छत्री न्यायला आले," ती म्हणाली.

"नोकरी टिकली माझी," तो म्हणाला. "प्राचार्य ओरडले पुष्कळ. तुमची पदवी मात्र माझ्यामुळे..."

"सहा महिने लांबली. गेली नाही. टेबलावर बसून अभ्यास करीन."

"आणि मग दुसऱ्या घरात परीक्षा."

"हो."

तो फडक्याची घडी घालू लागला. मग, अवघड गणित हळूहळू सुटत जावं तसा, अडखळत म्हणाला, "म्हणजे या घराची परीक्षा तुम्हाला... आता कधीच नाही."

"नाही."

"म्हणजे नियमसुद्धा तुम्हाला नाही. म्हणजे इथे यायला, माझ्याशी बोलायला, आता कसली..."

ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "गाडीनं दोन तास लागतात. सुट्टीच्या दिवशी येता येईल."

"मला तिकडे येता येईल," तो घाईनं म्हणाला. "तात्यांना सांगून ठेवीन. पण तिकडे तुमच्याकडे... दुसरी खुर्ची आहे का?"

"कप आहे. खुर्ची घ्यावी लागेल."

तिनं छत्री उचलली, आणि पुन्हा होती तिथेच कोपऱ्यात ठेवली. टेबलापाशी गेली, दुसऱ्या खुर्चीत बसली. तिचा डावीकडे कान असलेला कप अजून तसाच होता, आणि त्याच्याखाली चहाचा गोल डाग. तो फडकं घेऊन पुढे आला. सवयीनं हात डागापर्यंत गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि समोर बसला. बाहेर झाडांत पाखरं एकेक करून परतत होती.

"मग सांगा ताई," तो सरांचा आवाज काढून म्हणाला, पण आवाज थोडा कापलाच, "आधी सांगा, इथे राहतं कोण?"

"ताई म्हणू नका."

"बरं. इथे राहतं कोण?"

तिनं टेबलाकडे पाहिलं, दोन कपांकडे, त्याच्याकडे.

"अजून कोणी नाही," ती म्हणाली. "पण दोन माणसं यायची आहेत. तुम्ही फक्त पुसू नका."